लव्हाळा

लव्हाळा : (लॅ. सायपरस, कुल–सायपरेसी). ओलसर जागी गवतासारख्या वाढणाऱ्या, पण गवताहून निश्चितपणे वेगळ्या असलेल्या ओषधीय [लहान व नरम] वनस्पतींची एक मोठी प्रजाती. मराठीत लव्हाळा हे नाव कोणत्याही एका जातीपुरते मर्यादित नाही. ओढ्याच्या काठी, तळ्याच्या कडेला, भातखाचरात व पाणथळ माळावर उगवणाऱ्या, तिकोनी दांड्याच्या अनेक वनस्पतींना ते सरसकट लावले जाते. त्यांपैकी जमिनीत सुगंधी गाठी धरणाऱ्या जातीस मोथा म्हणतात. शास्त्रीय दृष्ट्या यांपैकी बहुतेक वनस्पती सायपरस या प्रजातीत मोडतात. सध्या मान्य असलेल्या व्याप्तीप्रमाणे या प्रजातीत सु. ९५० जाती असून सायपरेसी (मुस्तक) कुलात कॅरेक्स या प्रजातीच्या खालोखाल ती सर्वांत मोठी आहे. या कुलात एकूण ९५ प्रजाती व ५,५०० हून अधिक जाती आहेत. एकदलिकित वनस्पतींत आमर कुल व तृण कुल यांच्यानंतर त्याचाच क्रम लागतो.

सायपरसाच्या जाती उष्ण व उपोष्ण प्रदेशांत सर्वत्र पसरलेल्या आहेत. त्यांचा प्रसार प्रामुख्याने जमिनीतील पाणी किती व किती काळ टिकते यावर अवलंबून असतो. हा संबंध पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळतो; कारण तेथे लोणावळ्यापासून तळेगावपर्यंतच्या सु. ३० किमी. अंतरात अतिवृष्टीचे कडे, उघडे कातळ, भातखाचरे, नद्या, जलाशय व कोरडवाहू शेते अशी सर्व प्रकारची स्थाने एकापाठोपाठ येतात. म्हणून या नोंदीत प्रजातीच्या वर्गीकरणाबरोबर तिच्या प्रसाराचे विवेचन मावळच्या आधारे केले आहे.

नाव : ‘सायपरस’ हे नाव या वनस्पतींच्या प्राचीन ग्रीक नावावरून आले असून लिनीअस यांनी १७५३ मध्ये ते प्रजातीनाम म्हणून रूढ केले. संस्कृतात मोथ्याला मुस्ता, मुस्तक अशी नावे आहेत व त्यांवरूनच कुलाचे मराठी नाव बनले आहे. कालिदासाच्या शाकुंतल नाटकाच्या दुसऱ्या अंकात रानडुकरे डबक्यांतील मुस्ता उकरून खात असल्याचा उल्लेख आहे. गाठींसाठी जमीन उकरण्याची ही सवय खरीच आहे. लोणावळ्याजवळ कुरवंडे परिसरात उगम पावणाऱ्या इंद्रायणीच्या काठी, देहू येथे, सतराव्या शतकात होऊन गेलेल्या तुकारामांनी नम्रतेचा दाखला म्हणून महापुरातही वाचणाऱ्या लव्हाळ्याचा उपयोग केला आहे. या दाखल्यातील निरीक्षण वनस्पतिविज्ञानाच्या दृष्टीनेही अचूक आहे. लव्हाळ्याचे तंतुमय मूळजाल गाळाला घट्ट धरून ठेवते, दांडा लवचिक व आतून वायुयुक्त पेशीजालाचा असतो आणि पुराच्या लोंढ्यात तो मोडण्याऐवजी आडवा होतो.

शारीरिक लक्षणे : लव्हाळा व गवत यांच्यात वरवर पुष्कळ साम्य असले, तरी फरक बोटांनी चाचपूनही ओळखता येतो. गवताचे खोड गोल, पोकळ व पेरे असलेले असते. लव्हाळ्याचा दांडा बहुधा तिकोनी, भरीव व बिनपेऱ्यांचा असतो. गवताची पाने खोडावर दोन ओळींत, तर लव्हाळ्याची तीन ओळींत येतात. गवताच्या पानाचा आवरक [खोडास वेढणारा तळभाग] बहुधा एका बाजूने उघडा असतो. लव्हाळ्यात तो नळीसारखा बंद असतो. दांड्याच्या टोकाशी पानांसारखे काही छद येतात व त्यांच्या मधून फुलोरा बाहेर पडतो. छत्रीच्या काड्यांप्रमाणे पसरणाऱ्या लहानमोठ्या शाखांवर किंवा एकाच गेंदात लहान लहान कणिशके असतात.

प्रत्येक कणिशकाच्या अक्षावर तुष [बारीक खवल्यासारखी छदे] दोन ओळींत, एकाआड एक मांडलेले असतात. ही मांडणी सायपरसाची प्रमुख खूण होय. याच कुलातील फिंब्रिस्टायलिस प्रजातीत तुष बहुधा सर्पिल असतात. प्रत्येक तुषाच्या बगलेत एक द्विलिंगी फूल असते. त्यास परिदले नसतात. केसरदले १ ते ३, किंजपुट एकच व किंजल्क २ किंवा ३ असतात. परागण मुख्यतः वाऱ्यामार्फत होते. फळ म्हणजे एकबीजी, न तडकणारे, कठीण सालीचे कृत्स्नफळ. ते अर्ध्या मिलिमीटरपासून दोन मिलिमीटरपर्यंत लांब असते. आकाराने क्षुल्लक वाटणाऱ्या या फळावर प्रजातीचे वर्गीकरण मोठ्या प्रमाणात आधारलेले आहे. पक्व फळ नसलेला नमुना पुष्कळदा तज्ञालाही ओळखता येत नाही.

वर्गीकरण : सायपरस प्रजातीची सीमा कोठे आखावी, याविषयी वनस्पतिशास्त्रज्ञांत दोन शतकांहून अधिक काळ मतभेद होते. लिनीअस यांच्यानंतर रॉटबल यांनी १७७३ मध्ये किलिंगा, व्हाल यांनी १८०५ मध्ये मॅरिस्कस आणि पालिसो द बोव्ह्वा यांनी १८१६ मध्ये पिक्रीअस अशा प्रजाती वेगळ्या काढल्या. किलिंगा हे नाव सतराव्या शतकातील डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ किलिंग यांच्यावरून दिलेले आहे. पिक्रीअस हे नाव तर सायपरस या शब्दाच्या लॅटिन अक्षरांची अदलाबदल करून बनविलेले आहे. चार्ल्स बॅरन क्लार्क यांनी ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनश्रीवरील हूकर यांच्या ग्रंथाच्या सहाव्या खंडात हे कुल हाताळताना १८९३ मध्ये जंकेलस ही आणखी एक प्रजाती मांडली.

क्लार्क यांच्या पद्धतीत दोन प्रश्न महत्त्वाचे होते. पहिला प्रश्न किंजल्कांच्या संख्येचा व फळाच्या आकाराचा. किंजल्क तीन असल्यास फळ तिधारी असते; दोन असल्यास ते चपटे असते. चपट्या फळाची धार कणिशकाच्या अक्षाकडे असेल, तर वनस्पती पिक्रीअस. सपाट बाजू अक्षाकडे असेल, तर जंकेलस. दुसरा प्रश्न पक्व कणिशक कसे गळते हा. अक्ष जागेवर राहून तुष एकेक करून गळत असतील, तर ती सायपरस किंवा पिक्रीअस. संपूर्ण कणिशक बुडापासून तुटून पडत असेल, तर ती मॅरिस्कस किंवा किलिंगा. यांपैकी मॅरिस्कसाचे किंजल्क तीन असतात. किलिंगाचे किंजल्क दोन असून तिची एकदोन फळांची इवली कणिशके दाट गेंदात येतात.

ही पद्धत व्यवहारात सोयीची होती. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनश्रीवरील आपल्या ग्रंथात (१९०१–०८) तिचाच अवलंब केला व त्यामुळे महाराष्ट्रात ती रुजली. याउलट जर्मन शास्त्रज्ञ क्यूकेंथाल यांनी १९३५-३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक समीक्षेत या सर्व गटांना एकाच सायपरस प्रजातीत उपप्रजातींचा दर्जा दिला. त्यानंतरची सु. पंचाहत्तर वर्षे दोन्ही पद्धती शेजारी शेजारी वापरात होत्या. परिणामी एकच वनस्पती एका ग्रंथात किलिंगा ब्रेव्हिफोलिया, तर दुसऱ्यात सायपरस ब्रेव्हिफोलियस या नावाने सापडते.

या वादाचा उलगडा दोन वेगवेगळ्या दिशांनी झाला. पहिली दिशा पानाच्या अंतर्रचनेची. स्विस शास्त्रज्ञ रिक्ली यांनी १८९५ मध्ये असे दाखविले, की काही जातींच्या पानांत वाहक वृंदांभोवती हरितद्रव्ययुक्त पेशींचे वलय असते व काहींत ते नसते. या वलयाचा अर्थ पुढे १९६० नंतर प्रकाशसंश्लेषणाच्या अभ्यासातून कळला. वलय असलेल्या जातींत कार्बन डाय-ऑक्साइड प्रथम चार कार्बन अणूंच्या संयुगात बांधला जातो (चतुःकार्बन मार्ग), तर इतरांत तीन कार्बन अणूंच्या संयुगात (त्रिकार्बन मार्ग). चतुःकार्बन मार्गाच्या वनस्पती प्रखर ऊन व उष्णतेत अधिक कार्यक्षम असतात. दुसरी दिशा जननिक द्रव्याच्या तुलनेची. मुआस्या, लॅरिडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ नंतरच्या काळात केलेल्या अभ्यासांतून असे आढळले, की चतुःकार्बन मार्ग या वंशावळीत एकदाच उद्भवला आणि पिक्रीअस, किलिंगा, मॅरिस्कस इ. गट त्या एकाच शाखेच्या आतील फांद्या आहेत. फांद्या वेगळ्या प्रजाती मानल्या, तर उरलेला सायपरस हा नैसर्गिक गट राहत नाही. म्हणून २०११ नंतरच्या काही वर्षांत या सर्व प्रजाती रीतसर सायपरसात विलीन करण्यात आल्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संपूर्ण कुलाच्या नव्या वर्गीकरणातही हीच व्याप्ती मान्य केली आहे. तिच्यातील सु. ७६० जाती चतुःकार्बन व सु. १९० जाती त्रिकार्बन मार्गाच्या आहेत.

विलीनीकरणामुळे जुने भेद निरुपयोगी ठरलेले नाहीत. किंजल्क दोन की तीन, फळाची धार कोणीकडे, कणिशक अखंड गळते की नाही, या खुणा आजही जाती ओळखण्यासाठी वापराव्याच लागतात. बदल झाला तो त्यांच्या दर्जात : एकेकाळी प्रजातींच्या सीमा मानल्या गेलेल्या या खुणा आता एका प्रजातीतील गटांच्या खुणा समजल्या जातात.

मावळचा प्रदेश : मावळ तालुका सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेकडे उतरत गेलेला आहे. इंद्रायणी, पवना, कुंडली व आंद्रा यांच्या खोऱ्यांवरून नाणे मावळ, पवन मावळ, आंदर मावळ असे त्याचे भाग मानले जातात. समुद्रसपाटीपासून सु. ६२५ मी. उंचीवरील लोणावळ्यास वार्षिक पर्जन्य ४,००० मिमी. हून अधिक असते; पूर्वेस तळेगावच्या बाजूस ते याच्या सु. एक-चतुर्थांशापर्यंत उतरते. पाऊस जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. खडक बेसाल्टाचा असल्यामुळे माथ्यावरील सपाट सड्यांवर पाणी मुरत नाही. उथळ खळग्यांत ते साचते व दिवाळीपर्यंत आटून जाते. खाली खोऱ्यांत बांध घातलेली भातखाचरे आहेत. वळवण, लोणावळा व शिरवटा हे जलाशय खोपोली येथे १९१५ मध्ये सुरू झालेल्या जलविद्युत् केंद्रासाठी बांधण्यात आले. पवना व आंद्रा धरणांचे जलाशय त्यानंतरचे आहेत. अशा रीतीने या तालुक्यात तीनचार आठवडे ओले राहणाऱ्या कातळापासून वर्षभर पाणी असलेल्या तळ्यापर्यंत सर्व पायऱ्या उपलब्ध आहेत व प्रत्येक पायरीवर निराळे लव्हाळे आहेत.

जातींचा प्रसार : (१) कातळ व सडे. लोहगड, विसापूर, राजमाची इ. किल्ल्यांच्या परिसरातील व लोणावळ्याभोवतीच्या उघड्या कातळांवर जेथे मातीचा थर काही सेंटिमीटरच असतो, तेथे एकवर्षायू व ठेंगण्या जाती वाढतात. सायपरस प्युमिलस (पूर्वीची पिक्रीअस प्युमिलस) ही ५ ते २० सेंमी. उंचीची, चपट्या कणिशकांची व दोन किंजल्कांची जाती आहे. सायपरस स्क्वॅरोसस (पूर्वीची मॅरिस्कस स्क्वॅरोसस) हिच्या तुषांची टोके बाहेर वळलेली असून झाड वाळल्यावर त्यास मेथीसारखा वास येतो. या जातींचे सर्व जीवन पावसाळ्यात आटोपते. सप्टेंबर-ऑक्टोबरात फळे गळली, की पुढील जूनपर्यंत त्या केवळ बीजरूपाने उरतात. त्यामुळे हिवाळ्यात वा उन्हाळ्यात पाहणी केल्यास कातळ वनस्पतिहीन असल्याचा चुकीचा निष्कर्ष निघतो.

(२) भातखाचरे. सायपरस इरिया व सायपरस डिफॉर्मिस या दोन जाती मावळातील भातात नेहमी आढळतात. इरियाचा फुलोरा पसरट, पिवळसर असून कणिशके लांबट अक्षावर पिसाप्रमाणे मांडलेली असतात. डिफॉर्मिसची कणिशके अतिशय बारीक असून काळपट हिरव्या, गोल गेंदांत दाटलेली असतात. दोहोंचे किंजल्क व फळाच्या धारा तीन असतात. पण इरिया चतुःकार्बन व डिफॉर्मिस त्रिकार्बन मार्गाची आहे. म्हणजे एकाच खाचरात शेजारी उगवणारी ही दोन तणे वंशदृष्ट्या प्रजातीच्या दोन निरनिराळ्या विभागांतील आहेत. चिखल सतत भिजलेला राहतो तेथे हस्पान व टेन्युइस्पायका या सडपातळ, त्रिकार्बन जातीही येतात. डिफॉर्मिसचे जीवनचक्र अनुकूल स्थितीत एक ते दीड महिन्यात पूर्ण होते व एका झाडापासून हजारो बिया तयार होतात. त्यामुळे पहिल्या बेणणीतून सुटलेले झाड कापणीपूर्वीच बी टाकून मोकळे होते.

(३) बांध, पायवाटा व कुरणे. बांधावर व चराऊ गवतात फिकट हिरव्या, चपट्या कणिशकांची सायपरस कॉम्प्रेसस आणि हिरव्या, गोलसर एकाकी गेंदाची सायपरस ब्रेव्हिफोलियस या जाती सामान्य आहेत. ब्रेव्हिफोलियस जमिनीलगत सरपटणाऱ्या मूलक्षोडामुळे तुडवणीतही टिकते. झाडांच्या विरळ सावलीत व रानवाटांच्या कडेला सायपरस सायपरॉयडीस ही दंडगोल कणसांची जाती दिसते. तिची पक्व कणिशके अखंड गळतात, म्हणून ती पूर्वी मॅरिस्कसात घालीत.

(४) ओढे, नद्या व जलाशय. पाणी वर्षातील बहुतेक काळ असते तेथे बहुवर्षायू व उंच जाती येतात. सायपरस एक्झाल्टेटस ही दीड मीटरहून अधिक उंच वाढते व तिचा सोनेरी तपकिरी फुलोरा दुरून दिसतो. सायपरस डिस्टन्स हिच्या बारीक, जांभळट कणिशकांतील तुष एकमेकांपासून अंतर राखून असतात व त्यावरूनच तिला हे नाव मिळाले आहे. जलाशयांची पातळी उन्हाळ्यात खाली गेली, की उघड्या पडलेल्या गाळावर एकवर्षायू जातींची दुसरी पिढी उगवते. धरणांनी निर्माण केलेले हे स्थान पूर्वी या प्रदेशात फारसे नव्हते.

(५) बागा व कोरडवाहू शेते. मोथा (सायपरस रोटुंडस) याच्या तांबूस तपकिरी कणिशकांवरून व जमिनीतील काळसर गाठींवरून तो सहज ओळखता येतो. लोणावळ्याच्या बागांत शोभेसाठी छत्रीसारख्या छदांची सायपरस इन्व्होल्युक्रेटस लावतात. ती मूळची आफ्रिकेतील असून पाण्याच्या कडेला लावणीबाहेरही टिकू शकते. प्राचीन ईजिप्तमध्ये जिच्यापासून लेखनपत्रे बनवीत, ती सायपरस पपायरस हीही आफ्रिकी जाती असून भारतात ती उद्यानांत लावली जाते.

तण म्हणून महत्त्व : जगातील तणांचा आढावा घेणाऱ्या १९७७ मधील एका प्रसिद्ध ग्रंथात मोथ्याला सर्वांत त्रासदायक तण ठरविले असून ९२ देशांत व ५२ पिकांत त्याचा उपद्रव नोंदविला आहे. त्याच्या गाठी मूलक्षोडाने एकमेकींस माळेसारख्या जोडलेल्या असतात. टोकाच्या गाठीचा डोळा फुटला, की मागील गाठी सुप्त राहतात. माळ तुटली, की प्रत्येक गाठ स्वतंत्रपणे उगवते. त्यामुळे खुरपणी वरचेवर न केल्यास मोथा कमी होण्याऐवजी वाढतो. बहुतेक गाठी वरच्या १५ सेंमी. थरात असल्याने उन्हाळी नांगरट करून त्या उन्हात सुकविणे हा जुना उपाय परिणामकारक ठरतो. खाचरात पाणी सतत उभे राहिल्यास मोथ्याचा जोर कमी होतो. पण त्याच स्थितीत डिफॉर्मिस फोफावते. म्हणून तणाचा बंदोबस्त करण्यापूर्वी ‘लव्हाळा’ म्हणजे नेमकी कोणती जाती, हे ठरविणे आवश्यक असते.

मावळ हा आंबेमोहोर व त्यापासून काढलेल्या इंद्रायणी भाताचा प्रदेश आहे. इंद्रायणी हा वाण वडगाव मावळ येथील कृषी संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये प्रसारित झाला. रोपांच्या जागी राब भाजल्याने वरच्या थरातील तणांचे बी मरते, चिखलणीने उगवलेले तण गाडले जाते व लावणीनंतर हाताने बेणणी केली जाते. मजुरीच्या टंचाईमुळे तणनाशकांचा वापर वाढला आहे. कॅलिफोर्निया व ऑस्ट्रेलिया येथे एकाच प्रकारचे तणनाशक वर्षानुवर्षे वापरल्यामुळे १९९० नंतरच्या दशकात डिफॉर्मिसचे प्रतिरोधी वाण निर्माण झाले. एका झाडाच्या हजारो बिया व वर्षभरात होणाऱ्या अनेक पिढ्या यांमुळे अशा प्रतिरोधाचा प्रसार जलद होतो.

उपयोग : मोथ्याच्या गाठी आयुर्वेदात मुस्ता या नावाने ज्वर, अतिसार व अग्निमांद्य यांवरील योगांत सांगितल्या आहेत. नागरमोथा या नावाने बाजारात येणारा सुगंधी कंद पुष्कळदा सायपरस स्कॅरिओसस या निराळ्या जातीचा असतो. त्याचे तेल सुगंधी द्रव्यांत वापरतात. महाराष्ट्रात दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा घालण्याची पद्धत आहे. सायपरस पँगोरी या जातीच्या दांड्यांपासून तमिळनाडूतील पत्तमडै व पश्चिम बंगालमधील मेदिनीपूर येथे उत्तम चटया विणतात. सायपरस एस्क्युलेंटस या जातीच्या गोड गाठींपासून स्पेनमध्ये एक थंड पेय बनवितात. याशिवाय काठांवरील लव्हाळे गाळ अडवितात, माती धरून ठेवतात व पाणपक्ष्यांना आसरा देतात.

संशोधन : पश्चिम महाराष्ट्रातील वनस्पतींच्या याद्या वुड्रो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध केल्या; त्यानंतर कुक यांचा ग्रंथ आला. मावळापुरता सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव (१९०३–७०) यांचा खंडाळ्याच्या वनश्रीवरील ग्रंथ (१९५३). मुंबईच्या सेंट झेव्हियर्स महाविद्यालयात अध्यापन करणारे व पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झालेले सांतापाव यांनी एका लहान क्षेत्राची वेगवेगळ्या ऋतूंत पुनःपुन्हा पाहणी करण्याचा आदर्श घालून दिला. त्यांचे नमुने सेंट झेव्हियर्समधील ब्लॅटर वनस्पतिसंग्रहात आहेत. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम मंडळ १९५५ मध्ये पुण्यास स्थापन झाले. त्याच्या संग्रहावर आधारलेला महाराष्ट्राच्या एकदलिकित वनस्पतींचा खंड १९९६ मध्ये निघाला. पश्चिम घाट, पश्चिम किनारा व महाराष्ट्र येथील सायपरेसी कुलावरील वदूदखान यांचा स्वतंत्र ग्रंथ २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रजातींच्या विलीनीकरणामुळे या संग्रहांतील नमुन्यांवरची नावे बदलत असली, तरी नमुना, स्थळ व दिनांक कायम राहतात. आणि पूर्वी कोठे काय उगवत होते, याचा तोच एकमेव भरवशाचा पुरावा असतो.

सद्यःस्थिती : लव्हाळ्याच्या सर्व जातींचे भवितव्य सारखे नाही. भातखाचरांतील व बागांतील तणे मानवी व्यवहाराबरोबरच पसरतात. त्यांना धोका नाही. कातळावरील ठेंगण्या जातींची स्थिती वेगळी आहे. त्यांचे बी मातीच्या ज्या पातळ थरात राहते, तो थर एकदा खरवडला गेला, की ते बीही त्याबरोबर नाहीसे होते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाल्यानंतर लोणावळा व परिसरात बंगले, विश्रामस्थाने व वाहनतळ यांसाठी सपाटीकरण वाढले आहे. सडे पडीक गणले जात असल्याने त्यांवर भराव घालणे सोपे असते. पश्चिम घाटातील ज्या स्थळांना २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली व राधानगरी यांचा समावेश आहे. मावळातील सड्यांचा नाही. प्युमिलस व स्क्वॅरोसस या जाती जगात इतरत्र विपुल असल्या, तरी त्यांच्याबरोबर त्याच खळग्यांत पश्चिम घाटाबाहेर न आढळणाऱ्या इतर कुलांतील वनस्पतीही राहतात. त्यामुळे पावसाळ्यात सड्यावर हे ठेंगणे लव्हाळे उगवणे, ही तेथील मातीचा थर शाबूत असल्याची खूण होय. भराव घातलेल्या जागी त्यांच्याऐवजी मोथा व कॉम्प्रेसस दिसू लागतात. वरवर पाहणाऱ्यास लव्हाळा पूर्वीप्रमाणेच असल्याचे वाटते, पण जाती बदललेली असते. पुराला तोंड देऊन टिकणारी ही वनस्पती पाण्याची वाट बदलल्यास मात्र टिकत नाही. म्हणून मावळातील सड्यांची जातिवार पाहणी ऑगस्ट ते ऑक्टोबर या फळे धरण्याच्या काळात करणे, तसेच पक्व फळांसह नमुने जतन करणे आवश्यक आहे.